विहिरीवर

रात्रपाळी सुटली की सोमवारी मी घरी जात नाही.
अंबडच्या गेटवरून गाडी तशीच वालदेवीच्या धरणाकडे,
बोटांना अजून कूलंटचा वास.
निफाडला पारा चारावर गेलाय म्हणे.
इथे मोजायला कुणी नाही.
गवत तेवढं पांढरं झालेलं,
बुटाखाली पापडासारखं मोडणारं.

लहानू बेंडकुळे आधीच बसलेला.
कानाला मफलर, मांडीवर डालड्याचा डबा,
डब्यात शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा,
चुरलेली शिळी भाकरी,
आणि अजून काहीतरी
जे तो सांगत नाही.

"थंडीत मासा हिंडत नाय," तो म्हणतो, "बसतो.
ऊब असंल तिथं."
आणि हात लांब करून पाण्यातली एक जागा दाखवतो,
जिथे काहीच नाही.
तिथे खाली त्याच्या चुलत्याची विहीर आहे,
धरणाच्या आधीची, दगडी, सात परस खोल.
चिलापीचा घोळका तिच्या तोंडाशी थांबतो,
बाया थांबायच्या तसा, घागरी न भरता.

चिमूट. एका वेळी चिमूटच.
पहिल्या दिवशी मी अख्खी मूठ भिरकावली होती.
आले, जेवले, गेले.
लहानू हसला नाही.
"पंगत घातलीस तू. पंगत उठल्यावर
मांडवात कोण थांबतं?"

दोन दोर. एक वर आला
की दुसरा खाली असलाच पाहिजे.
खाली सतत काहीतरी हललं पाहिजे,
गांडुळाचं शेपूट का होईना.
पाणी रिकामं दिसलं
की त्यांना आठवतं, आपल्याला कुठेतरी जायचंय.
आणि ओठ फाटलेलं बारकं पिल्लू
तिथल्या तिथे सोडायचं नाही.
तो उठतो, गुडघे कुरकुरतात,
पन्नास पावलं पलीकडे जाऊन सोडतो.
"हितं सोडलं तर घरी जाऊन सांगंल."

तिसरा हिवाळा आहे हा.
आणि मला परवा कळलं, गाडी पुसताना,
की कोंड्याबरोबर तो आणखी काहीतरी टाकत होता.

"चुलतीची पितळी घागर पडली इथं.
गळ टाकून काढली, तर घागरीत..."
तेवढ्यात तरंगा बुडाला.
तो मासा मी हातात घेतला, थंड, पट्ट्यांचा,
आणि विचारलं, घागरीत काय?
"आधी गांडूळ लाव."

पुढच्या सोमवारी चुलती माहेरी निघून गेलेली.
त्याच्या पुढच्या सोमवारी चुलता घागर घेऊन
वीस कोस चालत तिच्या गावच्या वेशीपर्यंत पोचला,
आणि ऊन वर आलं,
आणि लहानूने डब्याचं झाकण लावलं.

पोल्ट्रीवरच्या जुबेरला त्याने वेगळंच सांगितलंय.
त्याच्या गोष्टीत घागर नाहीच, चोरीचं इंजिन आहे
आणि त्यावर बसून रात्र काढणारा फौजदार.
दूध घालून परतणारा ठमाजी दगडावर टेकतो
ते एका बैलासाठी.
तो बैल गेली दोन वर्षं विहिरीच्या काठावर उभा आहे,
पुढचे पाय आत, मागचे बाहेर.

आज लहानू नाही.
घोटीला लेकीकडे, मोतीबिंदू काढायला. आठ-दहा दिवस.
डबा मात्र नातवाकडून पाठवलाय,
निरोप एवढाच: घोळका मोडू देऊ नका.

म्हणून आम्ही तिघे, ज्यांची एरवी ओळखही नव्हती,
बसलोय एका रांगेत, थंडीने नाक गळतंय,
आळीपाळीने चिमूट टाकतोय
त्या काहीच नसलेल्या जागेवर.
ठमाजी दर वेळी जरा जास्तच टाकतो.
पाण्याखाली काहीतरी राखाडी वळतं,
जातं असं वाटतं,
परत वळतं.

जुबेर हातावर हात चोळत विचारतो,
"ते घागरीचं तू म्हणत होतास. काय निघालं आत?"

मला कुठे माहितीय.
मी दोर खाली सोडतो.
"पुढच्या सोमवारी ये," म्हणतो, "सांगतो."